एक्स्चेंज सर्व्हरचा मेल डेटाबेस बिघडल्यावर मेलबॉक्स परत कसे मिळवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्स्चेंज म्हणजे मायक्रोसॉफ्टचा ऑफिसच्या मेलसाठीचा सर्व्हर. हे प्रश्न बहुतेक वेळा ऑफिसचा सर्व्हर एकट्याने सांभाळणाऱ्यांकडून येतात, आणि मेल बंद पडून तास-दोन तास उलटल्यावर येतात. म्हणून प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असं लिहिलं आहे. घाईत असाल तर प्रश्न ३ आधी वाचा, बाकीचं नंतर. आज्ञा इथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. सर्व्हरवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकायच्या.

१. सकाळपासून कोणालाच मेल येत नाही. डेटाबेस बिघडला असं समजायचं का?

लगेच नाही. मेल अडकणं आणि डेटाबेस बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ जानेवारी २०२२ ला जगभरच्या एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ सर्व्हरवर मेल रांगेत अडकले होते. व्हायरस तपासणीच्या भागाला तारखेवरून बनलेला २२०१०१०००१ हा आकडा मिळाला आणि त्यासाठी राखलेल्या जागेत २१४७४८३६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नव्हती, एवढंच कारण होतं. डेटाबेस सगळे ठणठणीत होते.

आधी डेटाबेस माउंट (सर्व्हरने उघडून चालू केलेला) आहे का ते बघा. मग डिस्कवर जागा आहे का ते बघा. लॉगची (ज्या फाइलींत प्रत्येक बदल आधी नोंदला जातो त्यांची) डिस्क भरली की एक्स्चेंज डेटाबेस स्वतःहून उतरवतो (डिसमाउंट, म्हणजे बंद करतो) आणि वजा १८०८ ही त्रुटी नोंदवतो. या दोन्ही ठिकाणी काही सापडलं नाही तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ईएसई (एक्स्चेंजचं डेटाबेस इंजिन) या स्रोताच्या नोंदी चाळा. घटना क्रमांक ४७४ आणि सोबत वजा १०१८ दिसलं, तर मात्र खरा बिघाड आहे (प्रश्न ५). वजा १०३२ म्हणजे फाइल दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवली आहे, आणि तो दुसरा कोणीतरी बऱ्याचदा अँटिव्हायरस असतो.

२. मेलबॉक्स म्हणजे सर्व्हरवरची नेमकी कुठली फाइल?

एका माणसाची एक फाइल असं नसतं. एका डेटाबेसमधल्या सगळ्या लोकांचे मेल एकाच ईडीबी फाइलमध्ये असतात. एक्स्चेंज २०१० पासून ही फाइल ३२ केबीच्या पानांनी बनते आणि प्रत्येक पानावर त्याचा चेकसम (पान बदललं का ते ओळखायचा आकडा) असतो. तिच्या शेजारी १ एमबीच्या लॉग फाइली असतात (नावं ई००, ई०१ अशी सुरू होतात) आणि एक छोटी चेकपॉइंट फाइल (लॉग कुठपर्यंत ईडीबीत उतरल्या त्याची खूण).

क्रम लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आलेला मेल आधी लॉगमध्ये लिहिला जातो, ईडीबीमध्ये सावकाश मागाहून उतरतो. किराणा दुकानात रोजकीर्द आधी लिहितात आणि खतावणी नंतर होते, तसंच. खतावणीचं पान फाटलं तरी कीर्द शाबूत असेल तर हिशोब पुन्हा मांडता येतो.

३. सगळ्यात आधी काय करायचं?

कॉपी. डेटाबेस उतरवा आणि ईडीबी, सगळ्या लॉग फाइली व चेकपॉइंट फाइल (कुठल्या त्या प्रश्न २ मध्ये) दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. दुसऱ्या डिस्कवर म्हणजे त्याच डिस्कच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये नव्हे. फाइल ४०० जीबीची असेल आणि कॉपीला चार तास लागणार असतील तरी ते चार तास द्या. दुरुस्तीची प्रत्येक आज्ञा मूळ फाइल बदलते आणि मागे फिरायला वाट ठेवत नाही. मूळ प्रत बाजूला सुरक्षित असेल तर पहिला प्रयत्न फसल्यावर दुसरा करता येतो.

कॉपी चालू असताना डिस्कची तब्येत बघा: रेडमधली (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचातली) एखादी डिस्क लाल झाली आहे का, कंट्रोलरची बॅटरी गेली आहे का, रात्री वीज गेली होती का. वरिष्ठांनाही याच वेळात सांगून टाका की मेल सुरू करणं आणि जुने मेल परत मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आज होईल, दुसऱ्याला वेळ लागेल (प्रश्न ८).

४. लॉग फाइलींनी डिस्क भरली आहे. जुन्या लॉग पुसल्या तर चालेल का?

नाही. मेलबॉक्स कायमचे गमावण्याच्या ज्या कहाण्या माझ्यापर्यंत येतात, त्यातल्या बऱ्याच इथूनच सुरू होतात. एका कारखान्यात मी गेलो तेव्हा डेटाबेसला किरकोळ इजा झाली होती. पण जागा करायची म्हणून आदल्या रात्री कोणीतरी तारीख बघून 'जुन्या' लॉग पुसल्या होत्या, आणि डेटाबेसला नेमक्या त्याच हव्या होत्या. नऊ महिन्यांचे मेल त्यातून आम्हाला पूर्ण कधीच जुळवता आले नाहीत.

पूर्ण बॅकअप यशस्वी झाला की नको असलेल्या लॉग एक्स्चेंज आपणच काढतो. लॉग साचत चालल्या असतील तर बॅकअप नीट होत नाहीये असा त्याचा अर्थ घ्या. आज जागा हवीच असेल तर लॉग दुसऱ्या डिस्कवर हलवून ठेवा, पुसू नका.

५. वजा १०१८ म्हणजे काय? सर्व्हर पुन्हा सुरू करून जाईल का?

जाणार नाही. एक्स्चेंजने पान लिहिलं तेव्हा चेकसम एक होता, वाचायला गेला तेव्हा वेगळाच निघाला, म्हणजे डिस्कने दिलेलं परत केलं नाही. एका बिटची चूक तो स्वतः सुधारून घेतो. त्याहून मोठी असली की ही त्रुटी येते. दोष बहुतेक वेळा डिस्क, कंट्रोलर, त्याचं फर्मवेअर किंवा कॅशमध्ये असतो. म्हणून दुरुस्त केलेला डेटाबेस पुन्हा त्याच डिस्कवर ठेवू नका.

किती पानं खराब आहेत ते पाहायला डेटाबेस उतरवून ईएसईयूटिल (एक्स्चेंजसोबत येणारं डेटाबेस तपासायचं आणि दुरुस्त करायचं साधन) स्लॅश के चालवा. ही आज्ञा फक्त वाचते, काही बदलत नाही.

६. 'डर्टी शटडाउन' दिसतंय. डेटाबेस गेला का?

हा शब्द वाचून लोक फार घाबरतात आणि घाबरून थेट स्लॅश पी (जबरदस्तीची दुरुस्ती, प्रश्न १०) चालवतात. डर्टी शटडाउन म्हणजे कीर्दीतल्या काही नोंदी अजून खतावणीत उतरलेल्या नाहीत, इतकंच. अचानक वीज गेली की हीच अवस्था असते.

ईएसईयूटिल स्लॅश एमएच चालवा. ती डेटाबेसचं शीर्षक दाखवते. त्यात 'लॉग रिक्वायर्ड' या ओळीत कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंतच्या लॉग लागणार ते लिहिलेलं असतं. कंसात दिसणारा सोळाच्या पायातला आकडा लॉगच्या फाइलनावाशी जुळवा. त्या सगळ्या फोल्डरमध्ये आहेत का आणि शाबूत आहेत का, हे स्लॅश एमएलने तपासा. असतील तर ईएसईयूटिल स्लॅश आर ई०० (तुमच्या लॉगचं जे आद्याक्षर असेल ते) चालवा, लॉगचा आणि डेटाबेसचा मार्ग देऊन. यात एकही मेल जात नाही. संपल्यावर पुन्हा स्लॅश एमएच बघा: 'क्लीन शटडाउन' आलं की माउंट करा.

लागणाऱ्यांपैकी एखादी लॉग नाही म्हणून वजा ५२८ आलं, तर आधी शोधा. बॅकअपमध्ये, अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये, कोणी 'जुन्या लॉग' म्हणून हलवलेल्या फोल्डरमध्ये. हरवलेली लॉग 'रिक्वायर्ड'च्या पुढची, फक्त 'लॉग कमिटेड' या ओळीतली असेल तर स्लॅश आरला स्लॅश ए जोडून चालवता येतं. शेवटच्या काही क्षणांचे मेल जातात, बाकी सगळं राहतं. 'रिक्वायर्ड'मधलीच हरवली असेल तर प्रश्न ७ आणि मगच प्रश्न १०.

७. बॅकअप रविवारचा आहे, आज गुरुवार. मधले चार दिवस गेले का?

लॉग शाबूत असतील तर नाही. रविवारची ईडीबी आणि त्यानंतरच्या सगळ्या लॉग एकामागोमाग लावल्या की डेटाबेस गुरुवार सकाळपर्यंत येतो. साखळी मात्र अखंड हवी. मधली एक लॉग नसली तर तिच्यानंतरच्या कितीही असल्या तरी उपयोग नाही. बॅकअप मूळ जागी उतरवण्याआधी सध्याच्या लॉग बाजूला काढून ठेवा, नाहीतर बॅकअपमधल्या फाइली त्यांच्यावर बसतील.

दोन अपवाद. सर्क्युलर लॉगिंग चालू असेल तर जुन्या लॉग आधीच पुसल्या गेलेल्या असतात आणि तुम्ही रविवारवरच थांबता. आणि मधल्या काळात कोणी डेटाबेसवर स्लॅश पी किंवा ऑफलाइन डीफ्रॅग (फाइल नव्याने लिहून लहान करणं) केलं असेल तर डेटाबेसची सही, म्हणजे ओळखखूण, बदलते. त्यानंतरच्या लॉग जुन्या बॅकअपला लागत नाहीत. म्हणूनच या दोन्ही कामांनंतर त्याच दिवशी नवा पूर्ण बॅकअप घ्यायचा असतो.

तरीही भोक राहिलंच तर एक्स्चेंज २०१३ पासून सेफ्टी नेट नावाची सोय आहे. पोचवलेल्या मेलची प्रत ती नेहमीच्या सेटिंगला २ दिवस ठेवते. ॲड-रिसबमिटरिक्वेस्ट या आज्ञेने ठरावीक वेळेतले मेल पुन्हा डेटाबेसकडे पाठवायला सांगता येतात. फारच थोड्यांना हे माहीत असतं. दोन दिवस उलटायच्या आत आठवलं पाहिजे.

८. साहेब म्हणतात, जुने मेल नंतर बघू, आत्ता मेल सुरू करा. शक्य आहे का?

आहे, आणि साहेबांचं बरोबर आहे. याला डायल टोन पद्धत म्हणतात: फोनमध्ये नुसता टोन आला तरी बोलता येतं, तसं. नवा रिकामा डेटाबेस बनवा, सेट-मेलबॉक्सने बिघडलेल्या डेटाबेसमधल्या सगळ्यांना त्याच्याकडे वळवा. अर्ध्या-पाऊण तासात लोक मेल पाठवू-घेऊ लागतात. मधल्या काळात बाहेरून आलेले मेलही बहुतेक पोचतात, कारण पाठवणारे सर्व्हर लगेच हार मानत नाहीत, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात.

लोकांना मात्र आधी समजावून सांगा. मेलबॉक्स रिकामा दिसेल. आउटलुक सुरू केल्यावर तात्पुरता मेलबॉक्स वापरायचा की जुना डेटा, असं विचारेल. फोनवरचे जुने मेल दिसेनासे होतील. कोणीही घाबरून आउटलुकचं प्रोफाइल काढून नवं बनवू नये; का, ते प्रश्न १२ मध्ये.

९. दुरुस्त झालेल्या डेटाबेसमधून मेल नव्या मेलबॉक्समध्ये कसे आणायचे?

रिकव्हरी डेटाबेसमधून. न्यू-मेलबॉक्सडेटाबेसला रिकव्हरी जोडून तो बनवतात आणि क्लीन शटडाउनमधली ईडीबी त्यात माउंट करतात. वापरणाऱ्याला तो दिसत नाही. गेट-मेलबॉक्सस्टॅटिस्टिक्सने आत कोण कोण आहे ते पाहायचं आणि न्यू-मेलबॉक्सरिस्टोअररिक्वेस्टने एकेकाचे मेल त्याच्या चालू मेलबॉक्समध्ये ओतायचे. आधीपासून असलेले मेल दुसऱ्यांदा येत नाहीत. एकाच नावाचे दोन कर्मचारी असतील तर नाव न देता मेलबॉक्सचा जीयूआयडी, म्हणजे प्रत्येक मेलबॉक्सचा वेगळा असलेला ओळख क्रमांक, द्या. एकाचे मेल दुसऱ्याकडे गेले तर ते निस्तरणं मूळ बिघाडापेक्षा अवघड जातं. आर्काइव्ह मेलबॉक्ससाठी वेगळी विनंती करावी लागते, हे पुष्कळजण विसरतात.

डायल टोन वापरला असेल तर डेटाबेस आधी अदलाबदल करा. जुना डेटाबेस ३०० जीबीचा आणि डायल टोनचा २ जीबीचा असेल, तर ३०० जीबी ओतत बसायचं कशाला? दोन्ही उतरवून फाइलींच्या जागा बदला. जुना मोठा डेटाबेस चालू होतो, डायल टोनचा रिकव्हरीत जातो आणि त्यातले २ जीबी ओतले की झालं.

रिकव्हरी डेटाबेस एक्स्चेंजच्या त्याच आवृत्तीचा लागतो. २०१६ ची ईडीबी २०१९ वर माउंट होत नाही. स्टँडर्ड आवृत्तीच्या ५ डेटाबेसच्या मर्यादेत मात्र तो मोजला जात नाही.

१०. ईएसईयूटिल स्लॅश पी चालवू का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि तो बहुतेक वेळा 'चालवलं, आता काय' अशा रूपात येतो.

स्लॅश पीला मेल म्हणजे काय ते कळत नाही. इनबॉक्स, जोडलेली फाइल, कॅलेंडर यातलं त्याला काही माहीत नसतं. त्याला फक्त पानं आणि तक्ते कळतात. ज्या पानाचा चेकसम जुळत नाही ते पान ते टाकून देतं आणि उरलेल्यांची जुळणी करतं. टाकलेल्या पानावर कोणाचा कुठला मेल होता याची यादी मिळत नाही. पान एखाद्या जोडफाइलीचं असेल तर ती एक फाइल गेली. पण महत्त्वाच्या तक्त्याचं असेल तर शेकडो मेलचा ठावठिकाणा जातो, आणि ते कळायला कधी कधी महिने लागतात. याशिवाय लॉगमध्ये असलेले पण ईडीबीत न उतरलेले मेलही हातचे जातात.

म्हणून ते तेव्हाच, जेव्हा स्लॅश आर जमलं नाही, चालेल असा बॅकअप नाही, दुसऱ्या सर्व्हरवर प्रत नाही. या तिन्हींना 'नाही' असं उत्तर असेल तर प्रश्न ३ मधली कॉपी पुन्हा तपासा आणि कॉपीवर चालवा, मूळ फाइलवर नाही. एकदा सुरू केलं की मध्ये थांबवू नका. मोठ्या डेटाबेसला रात्र जाऊ शकते.

माउंट झालं म्हणजे काम संपलं, असंही नाही. ईडीबीच्या शीर्षकात 'रिपेअर काउंट' वाढलेला असतो. २०१५ पासून मायक्रोसॉफ्टचं धोरण असं आहे की हा आकडा शून्याहून अधिक असलेला डेटाबेस वापरात ठेवू नये, त्यातले सगळे मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवावेत. हलवताना न्यू-मूव्हरिक्वेस्टला 'बॅड आयटम लिमिट' द्यावं लागतं. ५० च्या वर गेलात तर 'मोठं नुकसान मान्य' असं वेगळं लिहून द्यावं लागतं. तो आकडा डोळे झाकून वाढवू नका. आधी लहान ठेवा, कुठले मेल वगळले गेले तो अहवाल वाचा, मग ठरवा.

११. फक्त एकाच व्यक्तीचा मेलबॉक्स उघडत नाही. बाकी सगळं ठीक आहे.

पूर्ण डेटाबेसला हात लावू नका. सर्व्हर वारंवार कोसळवणारा मेलबॉक्स एक्स्चेंज स्वतःच क्वारंटाइनमध्ये टाकतो, म्हणजे काही काळ बंद करून बाजूला ठेवतो. तसं झालंय का ते आधी पाहा. मग त्या एका मेलबॉक्सवर न्यू-मेलबॉक्सरिपेअररिक्वेस्ट चालवा (एक्स्चेंज २०१० सर्व्हिस पॅक १ पासून आहे, डेटाबेस चालू असताना चालते). फोल्डरमधली मोजणी आणि दृश्यं यांतल्या चुका ती सुधारते. त्यानेही भागलं नाही तर तो मेलबॉक्स दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवा. हलवणं हीच अनेकदा दुरुस्ती ठरते.

खातंच चुकून काढलं गेलं असेल, तर तो बिघाड नव्हे. काढलेला मेलबॉक्स नेहमीच्या सेटिंगला ३० दिवस आणि पुसलेला मेल १४ दिवस डेटाबेसमध्येच असतो. कनेक्ट-मेलबॉक्सने काढलेला मेलबॉक्स परत जोडता येतो.

१२. सर्व्हरवरचं सगळं गेलं. लोकांच्या आउटलुकमधून काही मिळेल का?

मिळेल, आणि कधी कधी तेवढंच उरलेलं असतं. आउटलुक कॅश्ड मोडमध्ये (मेल संगणकावरही साठवण्याच्या सेटिंगमध्ये) असेल तर प्रत्येक संगणकावर ओएसटी फाइलीत मेलची प्रत असते. आउटलुक २०१३ पासून ही प्रत बहुधा मागच्या १२ महिन्यांचीच असते, पूर्ण मेलबॉक्सची नव्हे.

आउटलुक नेटवर्कपासून तोडून, ऑफलाइन उघडा आणि आयात-निर्यातीतून पीएसटी (कुठल्याही आउटलुकमध्ये उघडणारी मेलची फाइल) काढून घ्या. प्रोफाइल पुसलं की ती ओएसटी साध्या मार्गाने उघडत नाही. म्हणून बिघाड झाला त्याच दिवशी सगळ्यांना निरोप द्या: संगणक फॉरमॅट करायचा नाही, प्रोफाइल काढायचं नाही.

१३. आमच्याकडे डॅग (एकाच डेटाबेसच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवणारी एक्स्चेंजची सोय) आहे, तीन प्रती आहेत. बॅकअपची गरज काय?

एका डिस्कच्या बिघाडासाठी डॅग उत्तम आहे. एका प्रतीतलं पान खराब निघालं तर ते दुसऱ्या प्रतीवरून आपोआप भरून घेतलं जातं. पण कोणी मेलबॉक्स पुसले, किंवा चूक सॉफ्टवेअरमधूनच आली, तर ती चूक क्षणात सगळ्या प्रतींवर पोचते.

फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या जीमेलवर हेच घडलं. साठवणुकीच्या सॉफ्टवेअरच्या एका बदलातल्या दोषाने काही खाती रिकामी झाली, आणि वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या प्रतीही सुटल्या नाहीत. गूगलच्या म्हणण्यानुसार हे ०.०२ टक्के वापरकर्त्यांच्या बाबतीत झालं, आणि मेल परत आले ते टेपवरून. टेप जोडलेली नव्हती, म्हणून वाचली.

वेगळा बॅकअप अगदीच परवडत नसेल तर निदान एक प्रत मागे चालणारी ठेवा. लॉग लावायला १४ दिवसांपर्यंत उशीर करता येतो.

१४. ॲक्टिव्ह डिरेक्टरीही गेली. हातात फक्त ईडीबी फाइल आहे.

आधी एक खात्री करा. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसमधली खाती आणि सर्व्हरची मांडणी यांची नोंद) ठेवणारे सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, खरंच सगळे गेले आहेत का? एक जरी जिवंत असेल तर एक्स्चेंजची मांडणी त्यात शाबूत आहे. त्याच नावाचा नवा सर्व्हर उभा करून सेटअप 'रिकव्हर सर्व्हर' पद्धतीने चालवा, मग डेटाबेस माउंट करा.

सगळेच गेले असतील तर नव्या डोमेनमधला एक्स्चेंज परक्या संस्थेची ईडीबी स्वीकारत नाही. अशा वेळी ईडीबी थेट वाचून पीएसटी काढणारी बाहेरची सॉफ्टवेअर कामाला येतात. स्लॅश पी करण्याआधीची कॉपी त्यांना द्या, नंतरची नको. पैसे भरण्याआधी चाचणी आवृत्तीत तुमचे स्वतःचे चार-पाच ठाऊक मेल उघडून बघा: फोल्डरचं झाड दिसणं वेगळं आणि मेलचा मजकूर निघणं वेगळं. आणि फाइल त्यांच्याकडे 'पाठवा' असं म्हणणाऱ्यांपासून जपा. तिच्यात अख्ख्या ऑफिसचा पत्रव्यवहार आहे.

१५. रॅन्समवेअरने ईडीबी लॉक केली. यातलं काही चालेल का?

लॉक झालेल्या फाइलवर ईएसईयूटिल चालवू नका. नंतर किल्ली मिळाली तरी ती फाइल उघडणार नाही. बॅकअप, जोडलेली नसलेली प्रत आणि प्रश्न १२ मधल्या ओएसटी एवढेच मार्ग उरतात. भारतात असाल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहिती हाताशी न राहणं हेही उल्लंघनाच्या व्याख्येत येतं, त्यामुळे कायदा सल्लागाराला त्याच दिवशी कळवा.

१६. डेटाबेसमधला एक मेल कोर्टाच्या कामाचा आहे. दुरुस्तीनंतर तो पुरावा म्हणून चालेल का?

हे वकिलांना विचारायचं, पण तुमच्या हातातलं काम त्यांच्याकडे जाण्याआधीचं आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्याच्या नमुन्यात हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला, फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) लिहायचं असतं. म्हणून प्रश्न ३ मधली अस्पर्श कॉपी घेतल्याबरोबर तिचं एसएचए-२५६ पद्धतीचं हॅश मूल्य काढून तारीख, वेळ आणि काढणाऱ्याच्या सहीसह कागदावर नोंदवा, ती डिस्क सीलबंद ठेवा, आणि दुरुस्ती तिच्या दुसऱ्या प्रतीवर करा.